धाप छातीत, दुखणे रक्तपेशीत

उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. कारखान्यांचे पट्टे पडून ऊसतोड मंडळी गावी परतू लागली होती. पाथर्डी तालुक्यातील एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या. सून जेमतेम सव्वीस वर्षांची, पदरी तीन लेकरे, धाकटे अजून अंगावर पिणारे. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून आली आणि बाकावर बसून धापा टाकू लागली.

"डॉक्टर, हिचं काळीज कमजोर झालंय," सासूबाईंनीच सुरुवात केली. "हंडा उचलला की छातीत धडधड होती. मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढं अंधारी येती. दोन ठिकाणी दाखवलं. सलाईन लावल्या, ताकदीच्या बाटल्या झाल्या. आता पुण्याला नेऊन काळजाच्या मोठ्या तपासण्या करा म्हणत्यात. त्यासाठी मुकादमाकडं पुढल्या हंगामाची उचल आत्ताच मागितलीय."

मी त्या बाईंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. जेथे लाली दिसायला हवी तेथे कागदासारखा पांढुरका रंग. जीभ, नखे, तळहात, सगळे फिके. नाडी मिनिटाला एकशे दहा. पायांवर थोडी सूज. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहा भरले. बारा हवे तेथे सहा!

"मावशी, काळजात मूळ दोष नाही. हिचं रक्त निम्म्यावर आलंय," मी म्हणालो.

"आता रक्त कमी झाल्यावर धाप कशी लागंल? धाप तर छातीत लागती!"

मावशींचा प्रश्न बिनतोड होता. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर आपले शरीर कसे रचलेले आहे, हे तळापासून पाहावे लागते. शाळेत आपण सर्वांनीच 'पेशी, ऊती, अवयव, संस्था' असे पाठ केलेले असते. परीक्षा संपली की ते विसरते. पण ही चार शब्दांची शिडी ध्यानात असेल, तर पुष्कळ वायफळ खर्च आणि पुष्कळ त्रास वाचतो. म्हणून आज तिच्याविषयी.

पेशी : शरीराची वीट, पण जिवंत

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात त्याला मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक कोठड्या दिसल्या. त्या कोठड्यांना त्याने जे नाव दिले, त्यालाच आज आपण पेशी म्हणतो. पुढे १८३८ आणि १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सांगितले, की झाड असो वा प्राणी, प्रत्येक सजीव पेशींचाच बनलेला असतो. ज्वारीचे ताट, गोठ्यातली गाय, अंगणातली तुळस आणि आपण, सर्वांची मूळ वीट एकच.

मात्र ही वीट जिवंत असते. ती अन्न घेते, प्राणवायू वापरते, टाकाऊ पदार्थ बाहेर टाकते. बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग असतात. कारखान्यात बॉयलर असतो ना, तसे हे पेशीचे बॉयलर. येथे अन्नाचे प्राणवायूच्या साहाय्याने ज्वलन होते आणि शक्ती निर्माण होते. प्राणवायू कमी पडला की बॉयलर मंदावला. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. नवल असे, की संख्येने मोजल्या तर त्यांतील पाचांपैकी चार पेशी एकट्या रक्तातील तांबड्या पेशी आहेत.

टोळी, विभाग आणि कारखाना

एवढ्या पेशी नुसत्या एकत्र आल्या तर ढीग होईल, शरीर होणार नाही. त्यासाठी कामाची वाटणी लागते. आपल्या जिल्ह्यात ती समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. सहकारी साखर कारखानदारीची राज्यातील सुरुवातच मुळी येथे, १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला, पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने झाली. तेव्हा कारखान्याचेच उदाहरण घेऊ.

एक कामगार म्हणजे एक पेशी. एकसारखे काम करणाऱ्यांची टोळी म्हणजे ऊती. आपल्या शरीरात ऊतींचे मुख्य प्रकार चार. कातडी आणि आतड्याचे अस्तर यांसारखी झाकणारी ती अभिस्तर ऊती. आकुंचन पावून हालचाल करणारी ती स्नायू ऊती. निरोप नेणारी ती चेता ऊती. आणि जोडणारी, आधार देणारी ती संयोजी ऊती. हाड हे संयोजी ऊतीतच मोडते आणि रक्तही! रक्त पातळ असले म्हणून काय झाले, तीदेखील पेशींची एक टोळीच आहे.

निरनिराळ्या टोळ्या एका जागी येऊन एक काम करू लागल्या की अवयव तयार होतो. कारखान्यातील गव्हाणीपाशी मोळ्या टाकणारे वेगळे, यंत्राला वंगण देणारे वेगळे, वीज सांभाळणारे वेगळे, पण काम एकच, ऊस आत गेला पाहिजे. हृदयाचेही तसेच. स्नायू ऊती ते दाबते, अभिस्तर ऊती आतून गुळगुळीत अस्तर देते, संयोजी ऊती झडपांना बळकटी देते आणि चेता ऊती वेग कमीजास्त करते.

एका कामासाठी अनेक अवयव जोडले गेले की झाली संस्था. हृदय, रक्तवाहिन्या आणि रक्त मिळून रक्ताभिसरण संस्था. नाक, श्वासनलिका, फुप्फुसे मिळून श्वसन संस्था. तशाच पचन संस्था, उत्सर्जन संस्था, चेता संस्था, अस्थी संस्था. आणि या सर्व संस्थांचा मिळून एक कारखाना, म्हणजे आपण स्वतः.

कारखान्यात ऊसवाहतूक बंद पडली की बॉयलर, गाळप, साखरेची पोती, सगळेच थंडावते. बिघाड एका खात्यात, बोंब दुसऱ्याच खात्यात! शरीरातही नेमके हेच होते.

एका तांबड्या पेशीचा प्रवास

आता मावशींच्या सुनेकडे वळू. तिचा बिघाड शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर, तांबड्या पेशीत होता.

ही पेशी मधे दबलेल्या चकतीसारखी दिसते. आकार इतका लहान, की मोहरीच्या दाण्याहून बारीक, एक घनमिलिमीटर रक्तात अशा पंचेचाळीस ते पन्नास लाख पेशी मावतात. तिच्या पोटात हिमोग्लोबिन खच्चून भरलेले असते. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि हे लोहच फुप्फुसात प्राणवायूला पकडते. थोडक्यात, तांबडी पेशी म्हणजे टायरगाडी, प्राणवायू म्हणजे ऊस आणि लोह म्हणजे गाडीची साटी. साटीच नसेल तर ऊस ठेवायचा कशावर?

ही गाडी तयार कोठे होते? हाडांच्या आतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तिला लागणारे लोह येते आतड्यातून. 'गाड्या कमी पडताहेत, वाढवा' असा हुकूम सुटतो मूत्रपिंडातून. दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या पेशी मज्जेतून बाहेर पडतात. पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. सुमारे १२० दिवस धावून ती थकते. मग प्लीहा आणि यकृत तिला मोडून तिच्यातील लोह पुन्हा नव्या पेशीसाठी परत पाठवतात. भंगारातला खिळासुद्धा वाया न घालवणारा असा काटकसरी कारभारी दुसरा नाही.

पाहा, पेशी एकच, पण तिच्यासाठी हाडे, आतडी, मूत्रपिंड, प्लीहा, यकृत एवढी खाती राबतात. शरीरात कोणताही अवयव एकटा नाही, तो असा.

मग धाप का लागते?

लोह कमी पडले की मज्जा लहान आणि फिक्या पेशी तयार करू लागते. गाड्या निघतात, पण अर्ध्या रिकाम्या. इकडे मेंदू, स्नायू, मूत्रपिंड सगळे प्राणवायू मागतच असतात. मग हृदय काय करते? अर्ध्या भरलेल्या गाड्यांच्या दुप्पट खेपा घालते. तीच ती धडधड. हंडा उचलताना मागणी आणखी वाढते, श्वास जोरजोरात चालू लागतो. तीच धाप. मेंदूला पुरवठा कमी पडला की डोळ्यांपुढे अंधारी. स्नायूंतील बॉयलर मंदावले की हातपाय गळून जातात. आणि महिनोन्‌महिने जादा खेपा घालून हृदय थकू लागले की पायांवर सूज.

म्हणजे दुखणे पेशीत, बिघाड ऊतीत, ताण अवयवावर आणि तक्रार साऱ्या शरीराची. मावशींना मी हे गाडीच्या खेपांचे उदाहरण देऊन सांगितले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हंजी बैल चांगला हाय, गाडीच मोडकी!" याहून सोपे मलाही सांगता आले नसते.

सलाईनचा मोह किती जणांना असतो! सलाईन म्हणजे निर्जंतुक मिठाचे पाणी. जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले असेल तर ते जीव वाचवते. पण त्यात लोहाचा कण नाही, एकही तांबडी पेशी नाही. रक्तक्षयावर ते देणे म्हणजे गाड्या वाढवण्याऐवजी रस्त्यावर पाणी मारण्यासारखे. उलट थकलेल्या हृदयावर त्याचा भार पडतो.

लोह गेले कोठे?

रक्तक्षय हे खरे तर आजाराचे नाव नसून खूण आहे. लोह का कमी झाले, हे शोधल्याशिवाय उपचार पुरा होत नाही. हिशेब अगदी वाण्याच्या वहीसारखा आहे. रोजच्या अन्नातून शरीर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते. एक मिलिलिटर रक्त गेले की साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह गेले.

आता या बाईंचा खर्च पाहा. लागोपाठ तीन बाळंतपणे. एका गरोदरपणाला सुमारे एक ग्रॅम लोह लागते. दोन मुलांत अंतर नसेल तर जुनी उधारी फिटण्यापूर्वीच नवी. पाळीत अंगावरून जास्त जाते, ते वेगळेच. आणि तिसरा चोर पोटात, तो म्हणजे अंकुशकृमी. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेच्या ओल्या मातीत याची अळी वाढते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. आतड्याला चिकटून तो रक्त पितो. नेहमी आढळणाऱ्या एका जातीचे शंभर कृमी असले तर दिवसाला सुमारे तीन मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे दिवसाची लोहाची कमाई तेथेच संपली. कोपीवर शौचालय नाही, फडात पायात वहाण नाही, मग हा चोर घरात शिरणारच. या बाईंच्या शौच तपासणीत तो सापडला.

पाळीच्या त्रासाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. अंगावरून जास्त जाते म्हणून गर्भपिशवीच काढून टाका, असा सल्ला पुष्कळ गरीब स्त्रियांना मिळतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. काही आजारांत ही शस्त्रक्रिया आवश्यकच असते. पण कारखान्यातील एक यंत्र कुरकुरते म्हणून ते उपटून फेकण्यापूर्वी त्याचे इतर खात्यांशी काय नाते आहे ते पाहायला हवे. गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्यांतील संप्रेरके थांबतात आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. बिघाड एका संस्थेतून उचलून दुसऱ्या संस्थेत ठेवल्यासारखे ते होते. म्हणून औषधाने भागते का, हे आधी विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

शिडी शरीरापाशी थांबत नाही

रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी १८५० च्या दशकात ठासून सांगितले, की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते आणि रोगाचे मूळ पेशीत शोधले पाहिजे. शरीराला ते पेशींचे राज्य म्हणत, प्रत्येक पेशी त्या राज्याची नागरिक. पण याच फिर्खोंनी १८४८ साली सायलेशिया भागातील तापाच्या साथीची पाहणी करून सरकारला कळवले होते, की या साथीचे मूळ गरिबीत आणि अज्ञानात आहे; लोकांना शिक्षण आणि पोटभर अन्न द्या. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणारा माणूस मान वर करून गावही पाहत होता!

आपल्या जिल्ह्यानेही हे जगाला दाखवून दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळी त्या भागात जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी नुसता दवाखाना उघडला नाही. गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतील कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्याचे शिक्षण दिले. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, बालकांचे वजन आणि आहार या गोष्टी गावातल्या गावात होऊ लागल्या. जोडीला पिण्याचे पाणी, महिला मंडळे, शेतकरी मंडळे. पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सारे श्रेय औषधांचे नव्हते. शिडीच्या वरच्या पायऱ्या, घर आणि गाव, दुरुस्त झाल्या म्हणून खालच्या पायरीवरील पेशीला बळ आले.

काम मात्र संपलेले नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. निम्म्याहून अधिक घरांत ही धाप आहे. आपण तिला 'बाईमाणसाचा अशक्तपणा' म्हणून सोडून देतो, इतकेच.

काय करावे?

घरातील स्त्रियांचे आणि वयात येणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. स्त्रियांत १२, गरोदरपणी ११ आणि पुरुषांत १३ यापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत आणि आशाताईंकडे मिळतात. गरोदर बाईने निदान १८० दिवस रोज एक गोळी घ्यावी. गोळीने शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. हिमोग्लोबिन पुरेसे झाल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात, कारण रोजचा खर्च भागला तरी कोठार अजून रिकामे असते.

बाजरीची भाकरी, मेथी, शेपू, मटकी, हुलगे, अळीव, तीळ रोजच्या जेवणात असू द्या. त्यावर लिंबू पिळा किंवा पेरू, आवळा खा. त्याने लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागूनच चहा पिऊ नका, तासाभराचे अंतर ठेवा. मांसाहार करणाऱ्यांनी कलेजी, मासे खावेत. पायात चप्पल, शौचासाठी शौचालय आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताची गोळी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र जंताची गोळी घेऊ नये.

आणि एक इशारा. प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. निव्वळ शाकाहारी माणसांत ब-१२ जीवनसत्त्व कमी असू शकते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात पेशीचा आकारच कोयत्यासारखा होतो. पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत रक्त कमी झाले तर मूळव्याध, जठराचा व्रण, क्वचित आतड्याचा कर्करोगही असू शकतो. तेव्हा दुकानातून टॉनिकची बाटली आणण्यापूर्वी तपासणी करून घ्या.

त्या बाईंना मी सरकारी रुग्णालयात पाठवले. तेथे एक पिशवी रक्त अगदी सावकाश दिले, जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. अडीच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा हिमोग्लोबिन अकरा होते. पापणीखाली लाली होती. पायऱ्या चढून आल्या आणि बाकावर न बसता सरळ आत आल्या. पुण्याची वारी टळली, तपासणीसाठी मागितलेली उचल घ्यावी लागली नाही. दिवाळीनंतर मात्र त्या फडावर जाणार होत्याच. निघताना मी पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सासूबाईंना म्हणालो, "मावशी, हिला एक चांगली वहाण घेऊन द्या."

"दोघींनाबी घेते," मावशी म्हणाल्या. "माझीबी पापणी बघा की जरा."

पाहिली. तीही फिकीच होती.